लहान घरातील शेजघर

‘अंथरूण पाहून पाय पसरावेत’ ही म्हण आपण एरवी पैशाच्या बाबतीत वापरतो. आज मी ती शब्दशः घेणार आहे. घर लहान आहे, झोपणारी माणसे चार-पाच आहेत आणि झोपण्याची स्वतंत्र खोली एकच आहे. अशा खोलीत अंथरूण केवढे घालावे, पाय कोणी कसे पसरावेत, आणि पसरलेल्या पायांना न अडखळता दुसऱ्याला जायला वाट कशी राहील, एवढ्याच गोष्टींचा आपण विचार करू या.

झोपण्याच्या खोलीला मराठीत ‘शेजघर’ असा छान शब्द आहे. पण खरे सांगायचे तर, आपल्यापैकी पुष्कळांच्या वाडवडिलांना असे वेगळे शेजघर ठाऊक नव्हते. गावाकडच्या घरात बायका-मुले माजघरात निजत, पुरुषमाणसे ओटीवर नाहीतर ओसरीवर. उन्हाळ्यात अंगण होतेच. मुंबईत १९२० नंतरच्या दशकात बीडीडी चाळी बांधल्या गेल्या. त्यांतली एकेक खोली १६० चौरस फुटांची. त्याच खोलीत चूल, त्याच खोलीत देव, तिथेच मुलांचा अभ्यास, तिथेच पाहुणा, आणि रात्री तिथेच सगळ्यांची अंथरुणे. घरातली तरणी मुले वळकटी काखोटीला मारून व्हरांड्यात जात. सकाळ झाली की वळकट्या खाटेखाली सरकवायच्या, की झाली खोली दिवसाच्या कामाला मोकळी!

आता दिवस बदलले आहेत. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या बीडीडी चाळींतल्या पहिल्या काही कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या नव्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. मुंबईच्या झोपडपट्टी पुनर्वसन योजनेत ३०० चौरस फुटांचे घर मिळते. अशा घरांत राहायला येणाऱ्या किती तरी माणसांच्या आयुष्यात दार लावून घेता येईल अशी झोपण्याची खोली पहिल्यांदाच येते. तिचे अप्रूप वाटणारच. आणि त्या अप्रुपाच्या भरात आपण पहिली चूक करतो. खोली लहान घराची आणि सामान मोठ्या घरातले, असा संसार मांडतो.

ही चूक मी स्वतः केलेली आहे, म्हणून तिच्याविषयी अधिकाराने बोलते. आम्ही परळच्या चाळीतून ठाण्याला लहानशा ब्लॉकमध्ये राहायला गेलो. बेडरूम दहा फूट लांब आणि नऊ फूट रुंद. घरात माणसे चार : आम्ही दोघे, सासूबाई आणि मुलगी. मी हौसेने पलंग, कपाट आणि आरसा असा सगळा ‘सेट’ घेतला. पलंग साडेसहा फूट बाय सहा फूट. कपाट चार फूट रुंद आणि दोन फूट खोल. दुकानात हे सारे फार शोभून दिसले, कारण दुकान दहा बाय नऊचे नव्हते. घरी पलंगाची उशाची बाजू खिडकीखाली लावली आणि पायथ्याकडच्या भिंतीला कपाट टेकवले. दहातून साडेसहा गेले, उरले साडेतीन. त्यातले दोन कपाटाने खाल्ले. पलंग आणि कपाट यांच्यामध्ये राहिला दीड फूट! कपाटाचे दार अर्धे उघडले की पलंगाला टेकायचे. आत हात घालून साडी ओढून काढायची, ती निघेपर्यंत तिची घडी मोडलेली असायची.

एवढ्यावर भागले असते तरी मी आज हे सांगत बसले नसते. आमच्या घरात संडासाला जायची वाट बेडरूममधून, नेमक्या त्या दीड फुटाच्या बोळातून होती. सासूबाई बाहेरच्या खोलीत निजत. त्यांना रात्री दोनदा उठावे लागे. एका रात्री त्यांचा पाय पलंगाच्या कोपऱ्याला अडखळला, त्या पडल्या आणि उजवे मनगट मोडले. “दिवा का नाही लावलात हो आई?” मी विचारले. त्या म्हणाल्या, “अगं, तुमची झोप मोडली असती.”

त्या रात्रीनंतर मी त्या खोलीकडे वेगळ्या नजरेने पाहू लागले. आज मी जे सांगणार आहे, ते त्या पाहण्यातून आलेले आहे.

सामानाची यादी करण्यापूर्वी माणसांची यादी करा. ही माझी पहिली सूचना. एका कागदावर घरातल्या प्रत्येकाचे नाव लिहा आणि त्यापुढे तो किती वाजता निजतो, किती वाजता उठतो, रात्री मधे उठतो का, एवढे मांडा. आमच्या घरचा कागद असा झाला : सासूबाई नऊ वाजता निजतात, रात्री दोनदा उठतात. मुलगी दहावीला, पहाटे पाचला उठून वाचते. आमच्या ह्यांची पाळी दुपारची, घरी यायला रात्रीचे बारा होतात. आणि मी सगळ्यांत शेवटी निजणारी, सगळ्यांत आधी उठणारी. हा कागद पाहिल्यावर उत्तर आपोआप समोर आले. दार असलेली, संडासाजवळची, लवकर शांत होणारी खोली सासूबाईंना आणि मुलीला हवी होती. बारा वाजता येऊन जेवणाऱ्या माणसाला बाहेरची खोलीच सोयीची. आम्ही खोल्यांची अदलाबदल केली.

प्रत्येक घरात हेच उत्तर येईल असे मी म्हणत नाही. नवे लग्न झालेले जोडपे असेल, तर दार त्यांनाच द्यायला हवे. त्याबद्दल वडीलधाऱ्यांनी उगीच संकोच धरू नये आणि धाकट्यांनाही तो धरायला लावू नये. घरात तान्हे मूल असेल, तर त्याची आणि आईची झोप आधी पाहावी. मुद्दा इतकाच, की खोली कोणाची हे रिवाजाने ठरवू नये. ज्याची झोप सर्वांत नाजूक, त्याच्यापासून विचार सुरू करावा. आणि एक पाहून ठेवा : बहुतेक घरांत या यादीतून ओट्याशेजारी सतरंजीवर निजणाऱ्या बाईचे नाव लिहायचेच राहून जाते.

आता दुसरी गोष्ट, माप. टेप घ्या आणि खोलीची लांबी-रुंदी मोजा. दार कुठे आहे, ते कोणत्या बाजूला उघडते, खिडकी जमिनीपासून किती उंचीवर आहे, विजेची बटणे कुठे आहेत, तेही लिहा. मग मुलांच्या वहीतला चौकटीचा कागद घेऊन एक चौकट म्हणजे अर्धा फूट असे धरून खोलीचा आराखडा काढा. घरात जुन्या लग्नपत्रिका पडलेल्या असतातच. त्याच मापाने त्यांच्या जाड कागदाचे पलंग, कपाट, टेबल कापून काढा आणि आराखड्यावर सरकवून पाहा. लाकडाचा पलंग सरकवताना कंबर धरते, कागदाचा पलंग बोटाने सरकतो! सामान विकत घेण्यापूर्वी खडूने जमिनीवर त्याची आकृती काढून दोन दिवस तिला वळसा घालून चालून पाहा. जिथे तुमचा पाय रेघेवर पडेल, तिथे पुढे तुमचे गुडघे आपटणार आहेत असे समजा.

या आराखड्यात आधी वाट आखा, मग सामान मांडा. दारापासून अंथरुणापर्यंत, अंथरुणापासून संडासापर्यंत आणि खिडकीपर्यंत निदान दोन फूट रुंदीची मोकळी वाट हवी. घरात म्हातारे माणूस असेल तर अडीच फूट. कपाटाचे दार उघडायला जितकी जागा लागते तितकी जागा कपाटाचीच धरावी. आमच्या खोलीत आम्ही तो मोठा सेट निम्म्या किमतीला विकला आणि सुताराकडून सहा फूट बाय अडीच फूट अशा दोन खाटा करून घेतल्या. दोन्ही लांबीच्या भिंतींना लावल्या. मध्ये चार फुटांची मोकळी जागा झाली. दोन फूट खोलीच्या कपाटाऐवजी भिंतीला दीड फूट खोलीचे फडताळ केले आणि त्याला सरकती दारे लावली. पायथ्याकडची वाट दीड फुटाची अडीच फूट झाली. खोली तीच, भिंती त्याच, पण शेजारीण आली ती म्हणाली, “भिंत पाडली की काय तुम्ही?”

इथे कपाटाविषयी दोन शब्द. कपडे घडी करून ठेवायचे असतील तर दीड फूट खोली भरपूर होते. हँगरवर अडकवायचे असतील तरच पावणेदोन-दोन फूट लागतात. आपल्या साड्या, धोतरे, चादरी, मुलांचे कपडे, सारे घडीचेच असते. मग रिकाम्या हवेसाठी कपाट का वाढवावे? उंचीचा मात्र उपयोग करावा. दाराच्या वरच्या पातळीवर एक फळी चहूबाजूंनी फिरवली, तर वर्षातून एकदा लागणाऱ्या वस्तूंची सोय होते. फक्त निजणाऱ्याच्या डोक्यावर जड पेट्या ठेवू नयेत. लोखंडी कपाट असेल तर ते वरून भिंतीला पट्टीने पक्के करावे. मुले खालच्या कप्प्यावर चढतात आणि कपाट अंगावर येते.

मुलांसाठी एकावर एक अशा दोन खाटा घेण्याची आता चाल पडली आहे. जागा वाचते हे खरे. पण वरच्या खाटेवर मूल उभे राहिले तर त्याचा हात छताच्या पंख्यापर्यंत पोचतो का, हे आधी पाहा. पोचत असेल तर पंखा काढून भिंतीवरचा, जाळीचा पंखा लावावा. वरच्या खाटेला चारी बाजूंनी कठडा हवा, आणि अगदी लहान मुलाला वर झोपवू नये.

आता हवा आणि उजेड. आपल्या देशाच्या राष्ट्रीय इमारत संहितेत राहण्याच्या खोलीची किमान मापे दिलेली आहेत. घरात एकच खोली असेल तर ती साडेनऊ चौरस मीटर, म्हणजे सुमारे १०२ चौरस फूट हवी. दोन असतील तर दुसरी साडेसात चौरस मीटरची, सुमारे ८१ चौरस फुटांची चालते. हे आपल्याला ऐकून ठाऊक असते. पण त्याच संहितेत खिडकीचेही माप आहे, तिकडे आपण पाहत नाही. कोकण-मुंबईसारख्या दमट, उष्ण हवेत खिडक्या आणि झडपांची उघडी जागा जमिनीच्या क्षेत्रफळाच्या एकषष्ठांश असावी आणि कोरड्या, उष्ण प्रदेशात एकदशांश. म्हणजे मुंबईत ९० चौरस फुटांच्या खोलीला १५ चौरस फूट उघडी जागा हवी. पाच फूट बाय तीन फुटांची एक खिडकी म्हणा ना! बांधणाऱ्याने ती दिलेली असते. आपण तिच्यासमोर कपाट उभे करतो, तिच्या गजांत खोकी रचतो, वर जाड पडदा ओढतो, आणि मग रात्री उकडते म्हणून तक्रार करतो. वारा आत यायला जशी खिडकी लागते, तशी बाहेर जायलाही वाट लागते. दार लावून निजायचे असेल तर दारावर झडप ठेवावी.

पश्चिमेच्या भिंतीवर दुपारनंतरचे ऊन पडते. सिमेंट-विटांची भिंत ते दिवसभर पोटात साठवते आणि रात्री हळूहळू बाहेर सोडते. म्हणून उन्हाळ्यात त्या भिंतीला डोके लावून निजू नये. त्याच भिंतीवर पावसाळ्यात नैर्ऋत्येचा पाऊस झोडपतो, तेव्हा ओलही तिथेच येते. म्हणून कपड्यांचे कपाट बाहेरच्या भिंतीला न लावता आतल्या भिंतीला लावावे. नाइलाजाने बाहेरच्या भिंतीला लावावेच लागले, तर मागे दोन-तीन इंच मोकळे सोडावेत. नाहीतर गौरी-गणपतीला पैठणी काढायला जावे आणि हाती बुरशी यावी, असे होते.

ओल आलेल्या भिंतीला रंग देणे म्हणजे जखम न धुता तिच्यावर पट्टी बांधणे. रंग फुगतो, पापुद्रे सुटतात, पैसे पाण्यात जातात. पाणी कुठून येते ते आधी शोधावे, बाहेरची चीर बुजवावी, भिंत पुरती वाळू द्यावी आणि मग रंगाऱ्याला बोलवावे. जुन्या घरात रंग खरवडताना आणखी एक काळजी घ्या. पूर्वीच्या तेलरंगांत शिसे असे. घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा अधिक असू नये, हा नियम आपल्याकडे २०१६ साली झाला आणि नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीचा रंग असेल तर तो कोरडा घासू नये. पाणी मारून ओला खरवडावा आणि काम संपून सारे पुसून होईपर्यंत मुलांना खोलीत येऊ देऊ नये. शिशाची धूळ लहान मुलांच्या मेंदूला अपाय करते.

रंग कोणता? लहान खोलीला फिकट. छत पांढरे ठेवा, म्हणजे दिव्याचा उजेड तिथून परतून खाली येतो. भिंतींना सायीचा, फिकट पिवळा, फिकट हिरवा, असा डोळ्यांना निववणारा कोणताही रंग द्या. चार भिंतींना चार रंग देऊन खोलीचे तुकडे पाडू नका. गडद रंगाची आवड असेल तर ती उशांच्या अभ्य्रांवर आणि पांघरुणांवर भागवा. ते कंटाळा आला की बदलता येतात.

छताच्या मध्यावर एकच झगझगीत नळी लावण्याची आपली रीत शेजघराला सोसत नाही. एकाला वाचायचे असले की चौघांचे डोळे दिपतात. शिवाय रात्रीचा प्रखर, पांढरा-निळा उजेड झोपेला लांब ढकलतो. वाचणाऱ्याच्या उशाशी खाली तोंड असलेला लहानसा पिवळसर दिवा द्या. एक बटण अंथरुणावरून हात पोचेल असे हवे. आणि वाटेवर, जमिनीपासून वीतभर उंचीवर, अगदी मंद असा रात्रीचा दिवा लावा. त्याला विजेचा खर्च नगण्य येतो. आमच्या घरी तो दिवा आधी असता, तर सासूबाईंचे मनगट शाबूत राहिले असते.

राहता राहिली सजावट. वाचकहो, सजावटीचे नाव इतक्या उशिरा काढले म्हणून रागावू नका. वाट मोकळी झाली, वारा खेळू लागला, भिंत कोरडी झाली, की निम्मी सजावट झालेलीच असते. उरलेली घरातच सापडते. आजीने जुन्या लुगड्यांची शिवलेली गोधडी ट्रंकेच्या तळाशी का ठेवायची? ती दिवसा खाटेवर पसरा. तिच्यापुढे दुकानातली चादर फिकी पडेल. सोलापूरच्या चादरीला तर भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. ती पांघरूणही होते आणि शोभाही. पडदे सुती, पातळ आणि घरी धुता येतील असे असावेत; ते खिडकीच्या चौकटीबाहेर थोडे सरकतील अशी दांडी लावली, तर दिवसा पूर्ण खिडकी उघडी राहते. आरसा खिडकीच्या समोर न लावता तिच्या लगतच्या भिंतीवर लावावा; उजेड चेहऱ्यावर येतो. भिंतीवर एखादेच चित्र किंवा घरातला एखादा फोटो लावा. लहान खोलीत रिकामी भिंत हीच मोठी चैन आहे.

बाहेरच्या खोलीत निजणाऱ्यांचीही आठवण ठेवा. त्यांच्यासाठी दिवसा बसायला आणि रात्री निजायला उपयोगी पडेल असा दिवाण उत्तम. त्याच्या पोटात अंथरुणे राहतात. पण ती तशीच कोंबू नका. पावसाळ्यापूर्वी गाद्या-गोधड्यांना चार कडक उन्हे द्या, आणि पावसाळ्यात उघडीप मिळेल तेव्हा दिवाणाचे झाकण तासभर उघडे ठेवा. कपड्यांत कडुनिंबाचा वाळलेला पाला घाला. डांबराच्या गोळ्या तान्ह्या बाळाच्या कपड्यांजवळ मात्र ठेवू नका. त्या काही बाळांना फार बाधतात. बाहेरच्या खोलीला आतून ओढता येईल असा एक जाड पडदा लावला, तर तिथे निजणाऱ्यांनाही आपली अशी जागा मिळते. आम्ही दोघे अशाच पडद्याआड निजतो. पहिले काही दिवस मला त्या विकलेल्या पलंगाची चुटपूट लागली होती, हे कबूल करते. मग ती गेली.

या सगळ्याला खर्च फार येत नाही. टेप, चौकटीचा कागद, जुन्या लग्नपत्रिका आणि एक रविवारची दुपार, एवढ्यावर सुरुवात होते. मात्र त्या दुपारी घरातल्या सगळ्यांना बसवा. म्हाताऱ्या माणसांना मुद्दाम विचारा, कारण त्या आपण होऊन सांगत नाहीत. “मला कुठेही चालेल” असे त्या म्हणतील. ते खरे मानू नका. रात्री एकदा दिवा न लावता त्यांच्या अंथरुणापासून संडासापर्यंत स्वतः चालून पाहा. तुमचा पाय कुठे अडखळतो ते कळले, की तुमच्या शेजघराच्या आराखड्याला कुठून सुरुवात करायची, तेही कळेल.